आरएक्स-८ प्रकल्प नोंदी: रोटरी इंजिन जपून मरतं की रेस देऊन?

१४ सप्टेंबर २०२४

गाडी: मॅझ्दा आरएक्स-८, २३१ पीएसवालं मॉडेल, सहा गिअर, २००५ सालची. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात. मीटरवर ३८,००० मैल. नोंदणी मार्च २००६ च्या आधीची, म्हणून रोड टॅक्स सगळ्यात वरच्या पट्टीत जात नाही. इंग्लंडमध्ये जुनी आरएक्स-८ घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी नोंदणीची तारीख बघावी.

आधीचे मालक एकच, निवृत्त शिक्षक, कॉव्हेंट्रीच्या बाहेर राहणारे. प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली. रोजचा वापर म्हणजे बायकोला स्टेशनवर सोडायचं आणि परत यायचं, जेमतेम दोन-दोन मैल. "चार हजारांच्या वर काटा कधी नेला नाही," हे त्यांनी अगदी अभिमानाने सांगितलं. काटा म्हणजे रेसचा, इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा.

गार असताना गाडी पटकन चालू होते. तापल्यावर बंद केली की मात्र सेल्फ मारत बसावं लागतं. ज्यांनी रोटरी पाळली आहे त्यांना एवढं ऐकूनच कळेल: कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबून धरायची ताकद, उतरलंय. किंमत परवडली ती त्यामुळेच.

गॅरेज मी आणि पराग मिळून भाड्याने घेतलंय. पराग इचलकरंजीचा, आता इथे टूलरूममध्ये. त्याच्याकडे स्टँडवर दुसरं आरएक्स-८ इंजिन पडून आहे, हेही २३१ चंच. ट्रॅक-डेला पळणाऱ्या गाडीतून निघालेलं, ९०,००० मैलांच्या पुढचं. ऑइल प्रेशर उतरलं म्हणून काढलं, कॉम्प्रेशन गेलं म्हणून नाही. म्हणजे एकाच जातीची दोन इंजिनं, एक फुलासारखं जपलेलं आणि एक सतत लाल रेघेजवळ, म्हणजे रेसच्या वरच्या मर्यादेजवळ, ठेवलेलं. दोन्ही उघडायची आहेतच, तर रोटरीवाल्यांचा जुना वाद आपल्यापुरता तरी तपासून घेऊ. एक बाजू म्हणते दिवसातून एकदा काटा लाल रेघेला लावा, कार्बन साचत नाही. दुसरी म्हणते सील, म्हणजे रोटरच्या कडांची फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या, नाजूक असतात, जितकी रेस कमी तितकं आयुष्य जास्त. दोन इंजिनांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण आत काय झिजलं आणि काय नाही हे डोळ्यांनी बघता येतं.

२१ सप्टेंबर

कॉम्प्रेशन टेस्ट. नेहमीचा पिस्टनवाला गेज इथे फसवतो. रोटर तिकोनी, त्याच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळी चेंबर्स, आणि साधा गेज त्या तिघांतला सगळ्यात मोठा आकडाच धरून ठेवतो. एक चेंबर मेलेलं असलं तरी काटा छान उभा राहतो. रोटरीसाठी वेगळा टेस्टर लागतो, जो तिन्ही आकडे सुटे देतो. सेल्फ इंजिन किती वेगाने फिरवतोय त्यावर आकडे बदलतात, म्हणून सगळं २५० आरपीएमवर आणून मोजायचं.

आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, इंजिन पूर्ण तापलेलं:

पुढचा रोटर: ६.७, ६.९, ६.५
मागचा रोटर: ६.३, ६.४, ४.७

मॅझ्दाच्या मॅन्युअलप्रमाणे नवं इंजिन ८.५ च्या आसपास, खालची हद्द ६.९. एकाच रोटरच्या चेंबर्समध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नको. म्हणजे कागदोपत्री हे इंजिन गेलेलं आहे, तेही ३८,००० मैलांत आणि इतक्या मायेने चालवून.

मागच्या रोटरचे आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. टोकावरची अपेक्स सील तिच्या दोन्ही अंगांच्या चेंबर्सना सामाईक असते. ती गेली तर शेजारशेजारचे दोन आकडे पडतात. इथे एकच पडलाय. बाजूची साइड सील एकाच चेंबरची असते, म्हणून संशय तिच्यावर. पराग गेजकडे बघून एवढंच म्हणाला, "जपून जपूनच मारलीय बघ हिला, भावा."

२९ सप्टेंबर

लगेच रेस देऊन कार्बन उडवायचा मोह आवरला. आधी इग्निशन. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग, दोन्ही वेगळ्या जातीचे, आणि चार प्लगना चार कॉइल. कॉइल कंपनीतून आल्या तशाच होत्या. आरएक्स-८ च्या कॉइल हळूहळू मरतात. एकदम बंद पडत नाहीत, त्यामुळे चालवणाऱ्याला कळत नाही. ठिणगी कमजोर झाली की थोडं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जाऊन पेटतं. कॅट तापून आतली जाळी वितळते, वितळली की वाट बुजते, आणि वाट बुजली की एक्झॉस्टची सगळी उष्णता मागे इंजिनात कोंडते. आरएक्स-८ च्या या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टची भोकं रोटरच्या बाजूच्या भिंतींवर आहेत आणि साइड सील त्यांच्यावरूनच घासत जातात. कोंडलेल्या उष्णतेचा पहिला चटका त्यांनाच.

कॅट उतरवली. बोल्ट गंजून एक झालेले, दोन तुटले, दिवस त्यातच गेला. टॉर्च लावून आत बघितलं तर जाळीचा जवळजवळ अर्धा भाग वितळून गोळा झालेला.

चार नवीन कॉइल, वायरी, चार प्लग लावले. एका ओळखीच्याकडून वापरलेली पण मोकळी कॅट मिळाली, ती बसवली. हे न करता कुणी "गाडी जरा हाण, मोकळी होईल" म्हणून नऊ हजारांवर नेली असती तर उरलंसुरलं इंजिनही गेलं असतं. रेस देण्याचा सल्ला सरसकट देणारे हा भाग गाळतात.

६ ऑक्टोबर

आज इनटेक उघडलं. २३१ च्या इंजिनाला हवा घ्यायला सहा पोर्ट आहेत, पण सगळी एकदम उघडत नाहीत. ३,७५० च्या सुमारास एक झडप उघडते, ६,२५० ला दुसरी जोडी, ७,२५० ला इनटेकची लांबी बदलणारी तिसरी. चार हजारांवर कधी न गेलेल्या गाडीत दुसरी जोडी वर्षानुवर्षं एका जागी बसून होती. तिच्या नळ्या ऑइल आणि कार्बनच्या चिकट थराने जाम. हाताने फिरवून बघितली, हलेना. पक्कड लावून, क्लीनर मारून, परत फिरवून सोडवल्या. बाहेर काढल्यावर फडकं काळं झालं.

या भागाबद्दल वादच नाही. जी गोष्ट ६,२५० ला हलायला बनवली आहे ती अधूनमधून हलली पाहिजे.

बाकी सगळं जोडून संध्याकाळी बायपासवर. वीस मिनिटं साधी चालवून, ऑइलही तापू देऊन मग दुसऱ्या गिअरमध्ये खेचली. या गाडीचं एक बरं आहे: दुसऱ्या गिअरला नऊ हजार म्हणजे ताशी ६८ मैलांच्या आसपास. लाल रेघ बघायला कायदा मोडावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मागे काळा धूर, आरसा भरून. नंतर कमी. शेवटी काहीच नाही. आठ हजारांच्या वरचा आवाज त्या गाडीने बहुधा पहिल्यांदाच काढला असेल. काही लोक त्याला शिट्टी म्हणतात, मला तो तसा वाटत नाही. कंप नाही, धडधड नाही, फक्त काटा चढतो. म्हणून तर नऊ हजाराच्या जवळ गेलं की सावध करणारी पीप-पीप दिली आहे; कानाला अंदाजच येत नाही.

१९ ऑक्टोबर

मधल्या काळात रोज ऑफिसला हीच नेली, तापली की एकदा तरी वर. पुन्हा टेस्ट:

पुढचा: ७.३, ७.४, ७.१
मागचा: ६.७, ६.८, ४.९

पुढचा रोटर हद्दीच्या वर आला. मागचे दोन चेंबर्स हद्दीला टेकले. ते एक मात्र तसंच. म्हणजे रेस दिल्याने अडकलेल्या सील थोड्याफार सुटतात, खाचेत हलू लागतात. पण जी सील उष्णतेने बसली आहे किंवा जिची स्प्रिंग मेली आहे तिला कितीही हाणा, काही होत नाही. "हाणून बरी झाली" म्हणणारे आणि "हाणूनही गेली" म्हणणारे दोघंही आपापल्या गाडीबद्दल खरं बोलत असतात.

इंजिन उतरवायचं ठरलं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. बहिणीशी व्हिडिओवर बोलून झालं, गॅरेज बंद, म्हणून वाचन.

हा वाद रोटरीइतकाच जुना आहे. एनएसयूची आरओ-८० जर्मनीत १९६७ मध्ये आली, १९६८ ची युरोपची कार ऑफ द इयर ठरली, आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली. असं सांगतात की रस्त्यात दोन आरओ-८० समोरासमोर आल्या की चालक बोटं दाखवायचे, तुझी किती इंजिनं झाली. त्या गाडीत दोन्ही दोष एकदम होते. शहरातल्या छोट्या गार फेऱ्यांत सील झिजायच्या, आणि इंजिन इतकं गुळगुळीत की माणसाला न कळता रेस मर्यादेबाहेर जायची. पुढे कंपनीने जास्त रेस गेली की वाजणारा भोंगा बसवला. माझ्या गाडीतली पीप-पीप त्याच वंशातली.

त्याच दशकात हिरोशिमात मॅझ्दाच्या केनिची यामामोतोंच्या हाताखालची, रोटरीवर काम करणारी मंडळी वेगळ्याच संकटात होती. हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, आतल्या भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठत. त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील घासत जाताना थरथरायची आणि क्रोम खरवडायची. उपाय सापडला तो सीलच्या घडणीत आणि मग अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सीलमध्ये. मॅझ्दाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, १९६७ ला विक्रीस आली. पुढच्याच वर्षी मॅझ्दाने दोन कॉस्मो नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ८२ व्या तासाला बाद झाली, पण ॲक्सल तुटून. इंजिन गेलं नाही.

आणि १९९१ चं ल मान, मॅझ्दाने जिंकलेली चोवीस तासांची शर्यत. गाडी ७८७बी, ५५ नंबरची, चार रोटरचं आर२६बी इंजिन, नऊ हजार आरपीएमला सातशेच्या आसपास अश्वशक्ती, ३६२ फेऱ्या. शर्यतीनंतर इंजिन उघडलं तर आतले भाग उत्तम अवस्थेत निघाले. "हाणा, काही होत नाही" म्हणणाऱ्यांचा हा हुकमी एक्का. पण त्या इंजिनाच्या सील सिरॅमिकच्या होत्या, ट्यूनिंग कारखान्याचं होतं, आणि मुख्य म्हणजे चोवीस तासांत ते गार पडून पुन्हा चालू झालं नाही. एकदा तापलेलं रोटरी त्याच तापमानाला पळत राहिलं तर त्याला बरंच वाटतं. याचा दाखला दोन मैलांवरच्या स्टेशनला जाणाऱ्या गाडीला लावता येत नाही.

१६ नोव्हेंबर

माझं इंजिन उघडलं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा आणि ४०० न्यूटन-मीटरच्या वर कसलेला. लांब पाइप घालून आम्ही दोघं त्यावर लटकलो तेव्हा सुटला. त्यानंतर मात्र रोटरीसारखं सोपं काही नाही. लांब बोल्ट काढा, थर एकेक उचला: लोखंडी भिंत, अॅल्युमिनियमचं हाउसिंग, रोटर, मधली लोखंडी भिंत, पुन्हा तेच. पिस्टनवाल्या इंजिनासारख्या आतल्या झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही.

अपेक्स सील: नव्या सीलशेजारी धरल्या तर उंचीत किरकोळ फरक. जवळजवळ नव्याच. हाउसिंगचं क्रोम कडेला एका ठिकाणी थोडं सुटलेलं, बाकी चकचकीत. बेअरिंग उत्तम. जपल्याचा फायदा इथे स्पष्ट दिसतो, आणि त्याचा उपयोग शून्य.

रोटरच्या तोंडावर काळी जाड खपली, बोटाने खरवडली तर तुकडे पडतात. साइड सीलच्या खाचा कार्बनने भरलेल्या. सील बाहेर डोकावायला हवी तिथे ती रोटरच्या अंगाशी सपाट बसलेली. पुढच्या रोटरच्या सील थोड्या दाबल्यावर हलत होत्या, म्हणजे गेल्या महिन्यात रेस देऊन त्याच सुटल्या. मागच्या रोटरच्या त्या एका बाजूची सील हलेचना. जुन्या सीलचा तुकडा मोडून त्यानेच खाच कोरली. सील निघाली तेव्हा खालची स्प्रिंग चपटी झालेली होती, वर उचलायचं विसरलेली. मधल्या लोखंडी भिंतीत दोन्ही रोटरची एक्झॉस्ट वाट एकत्र येते, सगळ्यात जास्त तापणारी जागा ती. तिथे रंग निळसर पडलेला.

मला कळली ती घटनांची रांग अशी. छोट्या गार फेऱ्या. इंजिन गार तोवर पेट्रोल जास्त जातं, ते अर्धवट जळतं, ऑइलचा थर धुतं आणि खपली मागे ठेवतं. रेस कधीच नाही, त्यामुळे खपली सुटत नाही. कॉइल थकल्या, कळलं नाही. कॅट बुजली, तेही कळलं नाही, कारण चार हजारांच्या आत ताकद कमी झालेली जाणवतच नाही. वर नेली असती तर सात हजारांच्या पुढे गाडी गुदमरलेली त्या गृहस्थांना त्याच दिवशी कळली असती. रेस देण्याचा हा फायदा कुणी मोजत नाही: आजार लवकर दिसतो.

८ डिसेंबर

परागचं ट्रॅकवालं इंजिन. उघडण्याआधी दोन्ही रोटरचं कॉम्प्रेशन ७ च्या थोडं वर, सहाही चेंबर्स जवळजवळ सारखी. मैल माझ्या दुपटीहून जास्त.

रोटरच्या तोंडावर पातळ करडा थर, खपली नाही. सगळ्या साइड सील बोटाने दाबल्या की आत, सोडल्या की बाहेर. अपेक्स सील मात्र चांगल्याच झिजलेल्या, पण सरळ आणि सारख्या. लोखंडी भिंतींवर सील फिरते त्या वाटेला नखाला लागेल अशी पायरी. आणि बेअरिंग: पुढच्या स्टेशनरी गिअरमधल्या बेअरिंगचा वरचा थर उडून आतलं तांबं दिसत होतं. ऑइल प्रेशर उतरल्याचं कारण हेच. ट्रॅकवर ऑइल फार तापतं, तापलं की पातळ होतं, आणि नऊ हजारांवर शाफ्टला पातळ ऑइलचा आधार पुरत नाही.

म्हणजे जोरात चालवणं फुकट नसतं. पण तो झिजण्याचा मार्ग हिशोबी आहे, मैलांबरोबर पुढे सरकणारा. सील बदला, बेअरिंग बदला, इंजिन परत उभं. माझं इंजिन झिजून गेलंच नाही, ते आतून अडकलं आणि भाजलं. पराग ही तुलना ऐकून खुश. मी त्याला बेअरिंग दाखवलं तेव्हा तोंड फिरवून चहा टाकायला गेला.

२८ डिसेंबर

सुट्टी आहे, तर कागदावर थोडं गणित.

मॅझ्दाच्या १३बी कुटुंबातल्या (माझंही त्यातलंच) इंजिनांचं माप: शाफ्टची विकेंद्रता १५ मिमी, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी, रुंदी ८० मिमी. यावरून एका चेंबरचं आकारमान ६५४ सीसी येतं, दोन रोटरचे १,३०८. रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो. नऊ हजारांना रोटर फक्त तीन हजार. अपेक्स सीलचा भिंतीवरचा वेग एका फेऱ्यात सारखा बदलतो: नऊ हजारांवर कमीत कमी १९ आणि जास्तीत जास्त ४७ मीटर प्रति सेकंद. तीन हजारांवर तोच ६ ते १६.

दचकायला होतं. पण झीज ताशी मोजायची की मैलामागे? एका रोटर-फेऱ्यात सील सुमारे ६९ सेंटिमीटर घासते. सहाव्या गिअरला ताशी ७० मैलांना इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास असतं, म्हणजे एक किलोमीटर रस्त्यामागे सील ४३० मीटरच्या आसपास घासते. तेच अंतर तिसऱ्या गिअरमध्ये कापलं तर साधारण दुप्पट. आठवड्यातून काही वेळा वीस सेकंद वर नेल्याने एकूण घासण्यात नगण्य भर पडते. दिवसभर ट्रॅकवर मात्र ती दुप्पट भर खरी आहे, आणि परागच्या सीलवर ती दिसतेच.

यात दाब धरलेला नाही. सीलला भिंतीवर दाबणारी दोन बळं: मागून येणारा वायूचा दाब आणि फिरण्यामुळे बाहेर फेकली जाण्याचं बळ. दुसरं रेसच्या वर्गाने वाढतं. म्हणून नऊ हजारांच्या पलीकडे जाण्यात शहाणपण नाही. चुकून खालचा गिअर पडला तर झडपा वाकण्याची भीती इथे नाही, पण शाफ्ट लवून रोटर भिंतीला घासू शकतो. उलट टोकाला, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दोन हजारांवर पाय पूर्ण दाबून गाडी ओढायची, हेही वाईट. दाब मोठा, सरकण्याचा वेग कमी, ऑइलची फिल्म पातळ, आणि ठोका (नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं) लागायची शक्यता जास्त. अपेक्स सील तुटते ती बहुतेक वेळा ठोक्याने. टर्बोवाल्या आरएक्स-७ ची गोष्ट तर पूर्ण निराळी. तिथे बूस्ट चढवून पेट्रोल कमी पडलं तर सील एका क्षणात जाते, त्यामुळे "हाणा" हा सल्ला त्यांना जसाच्या तसा देऊ नये.

२५ जानेवारी २०२५

बांधणी. नव्या अपेक्स, कॉर्नर, साइड सील, सगळ्या स्प्रिंगा, पाण्याच्या सील. साइड सील हाताने घासून बसवाव्या लागतात: कॉर्नर सीलशी फट ०.०५ ते ०.१५ मिमी. जास्त घासली तर ती सील फुकट. हे काम परागने केलं, टूलरूमचा हात. रोटर दोन्ही धुऊन, खाचा साफ करून परत घेतले. मधली निळी पडलेली भिंत फेकली, चांगली वापरलेली मिळाली.

ऑइलचा प्रश्न इथे सुटा करून टाकू. रोटरी मुद्दाम ऑइल जाळते. संपमधलंच इंजिन ऑइल एक मीटरिंग पंप थोडं थोडं हाउसिंगमध्ये सोडतो, सील ओल्या राहाव्यात म्हणून. रेस आणि भार वाढला की मात्रा वाढते. म्हणजे वर नेताना सील कोरड्या पडतात ही भीती निदान चालू पंपाला लागू नाही. २००९ च्या सुधारित मॉडेलमध्ये प्रत्येक रोटरला दोनऐवजी तीन जागी ऑइल सोडलंय, यावरून आधीचं मॅझ्दाला स्वतःलाच कमी वाटलं असं मी धरतो. अमेरिकेत तर २००४ ते २००८ च्या गाड्यांची इंजिन वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली गेली.

म्हणून टाकीत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल. लिटरमागे ५ मिली, दर भरणीला. परागला यात वेगळाच आनंद. त्याच्या घरी अजून यामाहाची आरएक्स-१०० मोटरसायकल आहे. पंपावर पेट्रोल घेताना टू-टी घालायची सवय त्याच्या हाताला लहानपणापासून. इथल्या पेट्रोल स्टेशनवर बाटली उघडली की शेजारचा माणूस चमकून बघतो.

१६ मार्च

इंजिन बसलं, पाणी-ऑइल भरलं. आधी पेट्रोल बंद ठेवून सेल्फवर ऑइल प्रेशर येऊ दिलं. मग चालू. असेंब्लीच्या ग्रीसचा पांढरा धूर बराच वेळ. शेजारच्या गाळ्यातला सुतार बघायला आला.

रनिंग-इनचे पहिले हजार मैल चार हजारांच्या आत. गंमत अशी की ज्या सवयीने आधीचं इंजिन मेलं तीच आता मला पाळायची आहे. फरक एवढाच की फेऱ्या लांबच्या: लेस्टर, बर्मिंगहॅम, एकदा सासऱ्यांना घ्यायला हीथ्रो. स्टेशनचा एकही हेलपाटा नाही. मागे बसून ते म्हणाले, "जावईबापू, एवढी स्पोर्ट्स गाडी आणि ट्रक मागे टाकतायत?"

ऑइलचं तापमान दाखवणारा वेगळा गेज लावला. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मध्यावर येऊन बसतो आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तिथून हलतच नाही. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइल पाण्याच्या बरंच मागून तापतं, हे नवीन गेजवर पहिल्याच सकाळी दिसलं. रोटरच्या पोटात तेच ऑइल फिरून त्याला थंड ठेवतं, म्हणून वर कधी न्यायची हे पाण्यावरून ठरवण्यात अर्थ नाही.

१ जून

हजार मैल केव्हाच झाले, गेले काही आठवडे पूर्ण रेस. कॉम्प्रेशन:

पुढचा: ८.२, ८.३, ८.१
मागचा: ८.१, ८.३, ८.२

तापलेली असताना बंद करून लगेच सेल्फ मारला, पहिल्या दमात चालू.

माझ्यापुरती लावून घेतलेली शिस्त: ऑइल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय चार हजार ओलांडायचे नाहीत. त्यानंतर प्रत्येक फेरीत निदान एकदा दुसऱ्या गिअरला पार वरपर्यंत, म्हणजे तिन्ही झडपा हलतात. खालच्या रेसवर मोठ्या गिअरमध्ये ओढायचं नाही. गार गाडी नुसती दारातून हलवायला चालू करायची नाही. करावीच लागली तर तापेपर्यंत बंद करायची नाही, नाहीतर पेट्रोल साचून प्लग भिजतात आणि मग पाय पूर्ण दाबून, म्हणजे इंजेक्टर बंद ठेवून, सेल्फ मारत बसा. कॉइल खराब होण्याची वाट न बघता बदलायच्या. वर्षातून एकदा रोटरी टेस्टर.

परागशी एका मुद्द्यावर जमलेलं नाही. त्याच्या मते रोज वर न्यायलाच हवी असं नाही, लांब फेरी पुरे. खपली उष्णतेने जाते, रेसने नाही. मला इनटेकच्या झडपांची जाम झालेली जोडी आठवते, त्यामुळे मी ऐकत नाही. त्याच्या इंजिनाला नवी बेअरिंग आली आहेत, या वेळी ऑइल एक पायरी जाड घालणार आहे आणि दोन्ही ऑइल कूलर साफ करून बसवणार आहे. ते जुलैत ट्रॅकवर जाईल. शरद ऋतूत दोन्हीचं कॉम्प्रेशन एकाच दिवशी, एकाच टेस्टरवर.

राहिलेली कामं: कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर, मागच्या डाव्या ब्रेकचा कॅलिपर, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) ऑगस्टात.